वाकडे पाऊल आणि बाहेरची चौकट : वाचकांचे प्रश्न, अस्थिरोगतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही जन्मतः आत वळलेल्या पावलांवर, म्हणजे डॉक्टर ज्याला क्लबफूट म्हणतात त्या व्यंगावर, तान्हेपणी प्लास्टरने होणाऱ्या उपचारांची माहिती दिली होती. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे तान्ह्या बाळांविषयी नाहीत. ज्यांचे पाऊल लहानपणी सरळ करायचे राहून गेले, किंवा सरळ होऊन पुन्हा वळले, अशा मोठ्या मुलांविषयी ती आहेत, आणि सळ्या, कड्या आणि नट यांची चौकट पायाबाहेर बसवून केल्या जाणाऱ्या उपचाराबद्दल त्यांत विचारणा आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे जंगलभागात आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची असून तिचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला आहे. लहानपणी तेल लावून चोळत राहिलो, मोठी झाली की पाय आपोआप सुटेल असे सगळे म्हणत. आता ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालते आणि तिथे जाड घट्टा पडला आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी सळ्या बसवून पाऊल हळूहळू सरळ करू, काही महिने लागतील, असे सांगितले. एकदाच ऑपरेशन करून पाय सरळ करता येत नाही का? (एक पालक, खानापूर तालुका)

उत्तर : आपल्या मुलीच्या पावलात नेमके काय झाले आहे हे समजले, की डॉक्टरांनी हा लांबचा मार्ग का सुचवला ते लक्षात येईल. या व्यंगात पावलाला एकाच वेळी चार दोष असतात : तळव्याची कमान प्रमाणाबाहेर उंचावलेली, चवडा आत वळलेला, टाच आतल्या बाजूला कललेली आणि घोट्यापासून सगळे पाऊल खाली ओढलेले. हजार बाळांमागे साधारण एका बाळाला हे व्यंग असते, मुलग्यांत ते मुलींच्या जवळपास दुप्पट आढळते आणि सुमारे निम्म्या बाळांत दोन्ही पाय वळलेले असतात. तान्ह्या बाळाच्या पावलाची हाडे बहुतांशी कूर्चेची असतात आणि सांध्यांचे बंध लवचिक असतात. त्यामुळे आठवड्याला एक याप्रमाणे पाच ते सात प्लास्टर आणि बहुतेकांच्या बाबतीत टाचेमागच्या जाड शिरेला (ही शीर म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, रक्तवाहिनी नव्हे) दिलेला एक छोटा छेद एवढ्यावर पाऊल सरळ होते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची ही पद्धत आज जगभर पहिला उपचार म्हणून मानली जाते, आणि आपल्याकडेही ती रूढ आहे.

नवव्या वर्षी परिस्थिती बदललेली असते. ज्या आकारात पाऊल ठेवून मूल वर्षानुवर्षे चालले, त्याच आकारात हाडे घट्ट झालेली असतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पावलाच्या आतल्या बाजूची कातडी, शिरा, बंध आणि घोट्याच्या आतल्या अंगाने तळव्याकडे जाणारी रक्तवाहिनी व मज्जातंतू ही सगळीच आखूड राहिलेली असतात. अशा पावलाला एका बैठकीत सरळ करायचे तर शल्यचिकित्सकापुढे दोनच वाटा उरतात. आतली बाजू उघडून सगळे बंध सोडवायचे, तर पाऊल सरळ झाल्यावर जखम शिवायला कातडी पुरत नाही, कातडी काळी पडण्याचा धोका असतो, रक्तवाहिनीवर ताण येतो, आणि पुढे जाड व्रणामुळे पाऊल ताठर होते. बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढायची, तर आधीच लहान असलेले पाऊल आणखी आखूड होते. एकदाच काय ते ऑपरेशन ही कल्पना घरच्यांना सोयीची वाटते हे मी समजू शकतो. त्या सोयीची किंमत मात्र पाऊल मोजते.

बाहेरच्या चौकटीचे तत्त्व याच्या उलट आहे. हाड किंवा कातडी यांना दररोज अगदी थोडा, पण सतत ताण दिला, तर त्या ओढीच्या दिशेने नवे ऊतक तयार होते. सोव्हिएत रशियातील कुर्गान या सैबेरियातील गावी डॉ. गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर आणि इतर रुग्णांवर उपचार करताना हे तत्त्व सिद्ध केले. पश्चिमेकडच्या डॉक्टरांना ते खऱ्या अर्थाने कळायला १९८० उजाडावे लागले, तेही कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा वर्षानुवर्षे न जुळलेला पाय कुर्गानला जाऊन बरा झाल्यामुळे. कड्यांची जी चौकट आपण इंटरनेटवर पाहिली असेल ती इलिझारोव्हची. मुलांच्या वाकड्या पावलासाठी आपल्याकडे अनेक ठिकाणी जी हलकी चौकट वापरतात ती मुंबईचे हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी तयार केलेली असून तिला डॉक्टर 'जेस' म्हणतात. तिच्यात कड्यांऐवजी बारीक तारा, सांधे आणि दांड्या असतात, ती वजनाला हलकी आणि खर्चाला कमी असते. डॉक्टरांनी यांपैकी कोणती सुचवली आहे हे विचारून घ्यावे. नऊ-दहा वर्षांपुढचे पाऊल फार कडक असेल तर कड्यांची चौकट आणि तिच्या जोडीला हाड कापण्याची शस्त्रक्रिया लागू शकते.

भूल देऊन पोटरीच्या हाडातून, टाचेतून आणि चवड्याच्या लांब हाडांतून बारीक तारा आरपार घातल्या जातात व बाहेर दांड्यांनी जोडल्या जातात. काही दिवसांनी सूज उतरली की दांड्यांवरचे नट फिरवायला सुरुवात होते. नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. आतल्या बाजूची दांडी दर सहा तासांनी पाव फेरा, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर लांबवतात, आणि बाहेरच्या बाजूची दर बारा तासांनी पाव फेरा, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिमीटर. आतली बाजू दुप्पट वेगाने लांबली की पाऊल बाहेरच्या अंगावर वळत सरळ येते. दोन्ही बाजू ओढल्या जात असल्यामुळे सांध्यावर दाब पडत नाही आणि पाऊलही आखूड होत नाही. पुढच्या टप्प्यात टाच खाली आणि चवडा वर आणला जातो. अथणीच्या चप्पल-कारागिराला हे समजावून सांगावे लागत नाही : कोरडे कातडे हिसका देऊन ओढले तर फाटते, भिजवून हळूहळू ओढले तर हवा तो आकार घेते.

नट फिरवण्याचा काळ पावलाच्या कडकपणाप्रमाणे तीन ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक असतो. पाऊल सरळ झाले म्हणून चौकट लगेच काढत नाहीत. जितके आठवडे ओढले, साधारण तितके आठवडे काहीही न फिरवता ती तशीच ठेवली जाते, म्हणजे नव्याने लांबलेले ऊतक पक्के होते. त्यानंतर काही आठवडे प्लास्टर आणि मग बराच काळ घोट्याला धरून ठेवणारा प्लास्टिकचा ब्रेस. घरच्यांचा उत्साह नेमका या शेवटच्या टप्प्यात ओसरतो. चौकट निघाली की पाहुणे पाय बघून जातात, पेढे वाटले जातात, आणि ब्रेस माळ्यावर जातो. उपचार करणारे डॉक्टर कितीही कुशल असले तरी अशा घरातले पाऊल पुन्हा वळण्याची भीती राहतेच.

आपल्याला दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की चौकटीआधी प्लास्टर लावून पाहता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांतही पोन्सेटी पद्धतीने पाऊल पूर्ण किंवा बऱ्याच अंशी सरळ झाल्याचा अनुभव अनेक ठिकाणी आलेला आहे. मोठ्या मुलांत प्लास्टरची संख्या वाढते आणि टाचेची शीर कापावी लागते, पण पूर्ण यश आले नाही तरी चौकटीने करायचे काम कमी होते. पाऊल दाबून पाहिल्यावर थोडे तरी हलत असेल, तर मी स्वतः आधी काही प्लास्टर लावून पाहीन. दुसरी सूचना वेळेबद्दल आहे. नवव्या वर्षी तीन-चार महिने इकडेतिकडे झाल्याने पावलाचे काही बिघडत नाही, पण चौकट पायात असताना चिखल, ओल आणि बंद पडलेला रस्ता मात्र नक्की त्रास देतात. आपल्या भागात पावसाळ्यात एसटी येणे थांबत असेल तर दिवाळीनंतरचा काळ धरावा, किंवा नट फिरवण्याचे आठवडे बेळगावात नातेवाइकांकडे राहण्याची सोय करावी, कारण त्या काळात दर आठवड्या-पंधरवड्याला डॉक्टरांना पाय दाखवणे टाळता येत नाही.

मुलीचे पाऊल दुसऱ्या पावलासारखे होईल, अशी आशा तिला कृपा करून देऊ नये. डावे पाऊल उजव्यापेक्षा थोडे लहानच राहील, पोटरी बारीक राहील, घोटा थोडा ताठर राहील. तळवा जमिनीला सपाट टेकेल, दुकानातले बूट पायात जातील आणि घट्टा जाईल, एवढे मिळणे हेच या उपचाराचे उद्दिष्ट आहे.

प्रश्न : माझ्या नातवाच्या पायाला चौकट बसवून तीन आठवडे झाले. सून शेतात जाते, म्हणून दिवसाचे नट मीच फिरवते. दोन सळ्यांच्या तोंडाशी पिवळसर पाणी येते. बोटे खाली वाकून मुठीसारखी होत आहेत. शेजारच्या बाया हळद भरा म्हणतात आणि भात-वांगे बंद करा म्हणतात. काय करावे? (एक आजी, अथणी तालुका)

उत्तर : आजी, आपण विचारलेल्या दोन गोष्टींपैकी सळ्यांच्या पाण्याची आपल्याला जास्त काळजी वाटते आहे आणि बोटांची कमी. प्रत्यक्षात बोटांकडे आधी लक्ष द्यायला हवे.

पाऊल वर आणि बाहेर ओढले जाते तेव्हा बोटे खाली ओढणाऱ्या शिरा आखूड पडतात आणि बोटे मुठीसारखी मिटू लागतात. यासाठी बोटांना पट्ट्या घालून त्या चौकटीच्या वरच्या दांडीला अडकवतात, म्हणजे बोटे वर धरलेली राहतात. नातवाच्या पायाला अशा पट्ट्या नसतील, किंवा सैल झाल्या असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. तोवर दिवसातून चार-पाच वेळा प्रत्येक बोट हाताने अलगद वर करून दहा आकडे मोजेपर्यंत धरा. पोराला थोडे ओढल्यासारखे वाटेल, त्याला घाबरू नका. बोटे बराच काळ मिटलेली राहिली तर पुढे स्वतंत्र शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

रक्तपुरवठाही रोज पाहत जा. अंगठ्याचे नख दाबले की ते पांढरे होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. तसे होत नसेल, बोटे निळसर किंवा थंड पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, किंवा दुखणे नेहमीपेक्षा एकदम वाढून औषधानेही थांबेना, तर नट फिरवणे तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उलटे फिरवायचे की नाही आणि किती, हे डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय ठरवू नका.

सळईच्या तोंडाशी थोडे पाणी येणे आणि त्याची खपली धरणे हे पुष्कळ मुलांत होते. आजूबाजूची कातडी लाल, गरम आणि सुजलेली झाली, पाण्याऐवजी घट्ट पू आला, वास येऊ लागला, ताप आला किंवा सळई हातात हलू लागली, तर मात्र तो संसर्ग आहे. तो वेळीच ओळखला तर बहुधा गोळ्यांनी आवरतो, दुर्लक्ष झाले तर हाडापर्यंत जातो आणि ती सळई काढावी लागते. गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्याच घ्याव्यात. गावातल्या दुकानदाराला सांगून आणलेल्या अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, निर्ढावतात.

सळ्या रोज पुसाव्यात. आधी साबणाने हात कोपरापर्यंत धुवावेत. दवाखान्यातून दिलेले सलाइनचे पाणी, किंवा डॉक्टरांनी चालेल म्हटले असेल तर उकळून गार केलेले मिठाचे पाणी, स्वच्छ गॉझच्या तुकड्याला लावून सळईच्या मुळापासून बाहेरच्या दिशेने पुसावे आणि प्रत्येक सळईला नवा तुकडा घ्यावा. ज्या तुकड्याने पू असलेली सळई पुसली त्यानेच पुढची पुसली, तर दुखणे आपणच एका सळईवरून दुसरीवर नेतो. हळद, राख, झाडपाला, टूथपेस्ट, टाल्कम पावडर यांपैकी काहीही भरू नये. हळद स्वयंपाकात कितीही गुणाची असली तरी सळईच्या छिद्रात ती साचते, खाली पाणी कोंडते आणि आत पू होतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय टेकू देऊ नये, उशीवर ठेवावा. विहिरीवर किंवा नदीत आंघोळ नको. चौकटीवर जुन्या सुती साडीची सैल पिशवी शिवून घातली तर माशा बसत नाहीत आणि पोरे हात लावत नाहीत. धुवायला म्हणून अशा दोन असाव्यात.

नट फिरवताना चूक होण्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे घरात दोघांनी फिरवणे. आपण दुपारी फिरवले आणि सूनबाईंनी शेतातून आल्यावर पुन्हा फिरवले, असे सहज घडते. भिंतीवर एक वही टांगावी, सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री बारा असे चार रकाने पाडावेत आणि फिरवल्याबरोबर खूण करावी. प्रत्येक नटाच्या एका कडेला नेलपॉलिशचा ठिपका लावला, तर पाव फेरा झाला की नाही हे मिणमिणत्या दिव्यातही दिसते. एखादी वेळ चुकली तर ती भरून काढायला पुढच्या वेळी दुप्पट फिरवू नये.

भात आणि वांगे यांनी पू होत नाही. पोराला भात, भाकरी, वांगे जे आवडते ते खाऊ द्या. त्याच्या शरीराला या महिन्यांत नेहमीपेक्षा जास्त प्रथिने लागतात, म्हणून दूध, अंडी, कडधान्ये, शेंगदाणे वाढवा. गुडघा वाकवून बसून राहिला तर गुडघाही आखडतो, त्यामुळे दिवसातून काही वेळा त्याला पालथे झोपवून पाय सरळ करायला लावा. पायावर भार द्यायचा की नाही हे चौकटीच्या प्रकारावर अवलंबून असते. आपल्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उभे करू नका.

प्रश्न : आमच्या मुलाला जन्मानंतर आठ दिवसांतच प्लास्टर सुरू केले होते आणि पाय अगदी छान झाले होते. प्लास्टरनंतर घालायला दिलेले दांडीचे बूट (मधल्या दांडीने एकमेकांना जोडलेले दोन बूट) तो रडायचा म्हणून वर्षभरात बंद केले. आता तो पाच वर्षांचा आहे आणि एक पाय पुन्हा आत वळायला लागला आहे. याला चौकट लागेल का? (एक आई, निपाणी)

उत्तर : लागण्याची शक्यता कमी आहे. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आपण स्वतःच लिहिले आहे, त्याबद्दल अधिक बोलण्याची गरज नाही. दांडीचे बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि नंतर चार ते पाच वर्षांपर्यंत रात्री व दुपारच्या झोपेत घालायचे असतात, हे मात्र या अंकातील इतर आयांसाठी पुन्हा सांगून ठेवतो.

पाचव्या वर्षी पुन्हा वळलेल्या पावलासाठी पहिला उपाय पुन्हा प्लास्टरच असतो. बहुधा थोडक्या प्लास्टरमध्ये पाऊल पूर्ववत येते. चालताना पाऊल उचलले की चवडा आत फिरतो आणि टेकवताना आधी बाहेरची कड जमिनीला लागते, असे दिसत असेल तर नडगीच्या पुढून पावलाच्या आतल्या कडेला येणारी शीर तिथून सोडवून पावलाच्या मधल्या भागात बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. ती सुमारे तीन वर्षांपुढच्या मुलांत करता येते आणि तिचे परिणाम चांगले असतात. चौकट आपण राखून ठेवलेला उपाय समजावी. प्लास्टरने न हलणाऱ्या, किंवा एकदा मोठी शस्त्रक्रिया होऊन व्रणांनी कडक झालेल्या पावलासाठी ती असते. एखाद्याने थेट चौकटच सुचवली तर दुसऱ्या बालअस्थितज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच मानू नये.

दांडीचे बूट व्यवस्थित घालूनही पाऊल वळले असते तर मी वेगळा प्रश्न विचारला असता : मुलाच्या कमरेवर पाठीच्या मधोमध केसांचा पुंजका, खळगा किंवा गाठ आहे का, लघवीवर ताबा आहे का? मज्जारज्जूतील दोषामुळेही पाऊल वळते. आपल्या मुलाच्या बाबतीत कारण स्पष्ट असले तरी डॉक्टरांकडून एकदा पाठ तपासून घ्यायला काही हरकत नाही.

प्रश्न : आम्ही चिक्कोडी तालुक्यातले. मुलाच्या दोन्ही पायांना चौकट लागणार आहे. खर्च कसा भागवायचा? मिरजेला किंवा कोल्हापूरला न्यावे का? दवाखान्यातील कागद कन्नड आणि इंग्रजीत असतात, सही कशावर करतो हे कळत नाही. (एक वाचक)

उत्तर : चौकटीचा उपचार एका दिवसात संपत नाही, म्हणून ज्या गावी महिनोन्महिने जाणे-येणे जमेल तेच गाव निवडावे, हा माझा पहिला निकष असतो. शस्त्रक्रिया एकीकडे आणि पुढची तपासणी दुसरीकडे असे केले की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. चिक्कोडीहून मिरज आणि बेळगाव दोन्ही गाठता येतात. कर्नाटकातील महिलांना राज्याच्या हद्दीत साध्या बसचा प्रवास जून २०२३ पासून मोफत असल्यामुळे आईने मुलाला बेळगावला नेणे स्वस्त पडते, ही बाब लहान वाटली तरी पंधरवड्याच्या फेऱ्यांत ती जाणवते.

कर्नाटकात 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, इतर कुटुंबांना ठरलेल्या दराच्या तीस टक्के रक्कम मिळते. तातडीचे नसलेल्या उपचारांसाठी सरकारी रुग्णालयाची शिफारस चिठ्ठी लागते, त्यामुळे आधी तालुका रुग्णालय किंवा बेळगावचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे बीम्स, येथे दाखवून चिठ्ठी घ्यावी आणि मगच खासगी रुग्णालयात भरती व्हावे. भरती झाल्यावर चिठ्ठीसाठी केलेली धावपळ बहुधा वाया जाते. मूल अठरा वर्षांखालील असेल तर २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही हे व्यंग समाविष्ट आहे. शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला, किंवा आशा ताईंना, मुलाचे नाव नोंदवायला सांगावे.

महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. आपले गाव त्या यादीत आहे का, कोणती कागदपत्रे लागतात आणि नेमकी ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेतून होते का, हे तिन्ही प्रश्न मिरज-कोल्हापूरच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भरतीपूर्वीच विचारावेत. दोन्ही राज्यांच्या योजनांमध्ये चौकट काढण्याचा, त्यानंतरच्या प्लास्टरचा आणि ब्रेसचा खर्च धरला आहे का, हेही आधी विचारून घ्यावे. खिशाला खरी कात्री याच ठिकाणी लागते.

संमतीपत्र वाचता येत नसेल तर सही करू नये. ते मराठीत समजावून सांगा असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि बेळगावच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात मराठी बोलणारी परिचारिका किंवा डॉक्टर भेटतातच. कोणती चौकट, हाड कापणार की नाही, किती आठवडे, आणि पाय पुन्हा वळला तर पुढे काय, एवढे तरी ऐकून घेतल्यावरच सही करावी.

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा आहे, संकेश्वरला दुकानात काम करतो. एक पाऊल जन्मापासून वाकडे. लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत. चौकट लावून पाय सरळ होईल का? (एक तरुण)

उत्तर : वाकडेपणा बऱ्याच अंशी कमी होऊ शकतो, पण तेविसाव्या वर्षी चौकट एकटी पुरत नाही. हाडे पूर्ण वाढलेली असल्याने हाड कापून मग चौकटीने हळूहळू वळवणे, किंवा टाच व मधल्या भागातील तीन सांधे कापून सरळ स्थितीत जुळवून टाकणे, असे पर्याय समोर येतात. दुसऱ्या पर्यायात पाऊल थोडे आखूड होते आणि त्या सांध्यांची हालचाल कायमची जाते, पण दुखणे थांबते आणि टेकण टिकते. दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्यासाठी तो वाईट सौदा नाही. दोहोंपैकी कोणताही उपचार घेतला तरी काही महिने कामावर जाता येणार नाही, याचा हिशेब आधी मांडावा.

आपल्याला पाय दुखतो म्हणून उपचार हवा आहे की फक्त लग्नासाठी, हे आपण स्वतःशी एकदा स्पष्ट करावे. दुखणे नसेल, घट्टा चिघळत नसेल आणि चालणे निभत असेल, तर मापाने शिवलेला बूट हाही एक आदरणीय उपचार आहे. लग्नाची तारीख धरून शस्त्रक्रिया करू नये.

प्रश्न : पहिल्या मुलाचे पाय वाकडे होते. सासूबाई म्हणतात, मी गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून. आता पुन्हा दिवस राहिले आहेत. दुसऱ्या बाळालाही होईल का? (एक वाचक, रायबाग)

उत्तर : ग्रहणाचा आणि विळीचा यात काडीचाही संबंध नाही. या व्यंगात आनुवंशिकतेचा काही भाग असतो, पण आईच्या हातून काही घडल्यामुळे ते होत नाही. आईवडिलांपैकी कुणालाही व्यंग नसताना पहिल्या मुलाला झाले असेल, तर पुढच्या बाळाला होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन ते पाच असते. म्हणजे बहुधा होणार नाही. पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत पाय पाहायला सांगावे. वळलेले दिसले तरी गर्भपाताचा विचार करण्यासारखे हे व्यंग नव्हे. बाळ जन्मल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्लास्टरला नेण्याची तयारी ठेवावी, आणि बूट घालायची वेळ आली की ते माळ्यावर ठेवू नयेत.